येणारा म्हातारा, जाणारा म्हातारा

चिनी गोष्टींत बर्फ पडायला लागला की कोणीतरी म्हातारा घराबाहेर पडलाच म्हणून समजा. कोणी मासे धरायला, कोणी फुलं शोधायला, कोणी राजावर रुसून. आमच्या मुलुखातले म्हातारे असल्या हवेत शेगडी सोडत नाहीत, आणि मी त्यांनाच शहाणे म्हणते. पण चित्रं काढायची ती त्या बाहेर पडणाऱ्यांची. त्यांच्यावरच माझी चूल पेटते, म्हणून मी फार बोलत नाही.

माझे यजमान गेंतान हे चित्रकार. मी ओसेकि. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांची शाई उगाळते आहे. लोकांना वाटतं, शाई उगाळणं म्हणजे काय मोठं! उगाळून बघा. घाई केली की खरखरीत होते, आळस केला की पाणचट होते. थंडीत तर तिच्यातला सरस गोठतो आणि सगळी शाई खिमटासारखी होऊन बसते. तो सरस हरणाच्या कातड्याचा असतो आणि त्याचा वास माझ्या हातांना कायमचा लागला आहे. यजमानांना तो वास येत नाही. त्यांना बर्फ सोडून दुसरं काही दिसतही नाही आणि त्यांच्या नाकाला कळतही नाही.

त्या वर्षी त्यांना मठातलं काम मिळालं. मठाच्या पाहुण्यांच्या दालनात उत्तरेच्या बाजूला चार सरकती दारं आहेत, त्यांवर हिवाळ्याचा देखावा काढायचा होता. पुढे आमचे नवे सरकार वडिलांच्या स्मरणाच्या विधीला मठात येणार होते आणि विधीनंतर त्याच दालनात बसून चहा घेणार होते. मठाधिपती रेइगान यांनी विषय निवडला तो येणाऱ्या म्हाताऱ्याचा.

ही गोष्ट आणि हिची सावत्र बहीण, दोन्ही आमच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. एकीत तरुण राजा नुकताच गादीवर बसलेला असतो. त्याला काही समजत नाही, दरबारी त्याला खेळवतात. डोंगरात जाऊन राहिलेला त्याचा म्हातारा गुरू हे ऐकतो आणि कोणी बोलावलेलं नसताना बर्फ तुडवत त्याच्याकडे निघतो. हा येणारा म्हातारा. दुसरीत धाकटा राजपुत्र थोरल्या भावाचा काटा काढून गादी बळकावतो. बापाच्या वेळचा म्हातारा प्रधान एक शब्द बोलत नाही, घोडा मागत नाही. नुसता राजासमोरून उठतो आणि बर्फात चालू लागतो. हा जाणारा. चित्रात दोघे अगदी सारखे दिसतात. वेताची रुंद टोपी, अंगभर गवताचं इरलं आणि भोवती पांढरं रान. फरक एवढाच की येणारा दालनातल्या मुख्य आसनाच्या दिशेने चालतो आणि जाणारा त्या आसनाकडे पाठ करून.

आता नव्या सरकारांचं सांगायला हवं. जुने सरकार उन्हाळ्यात वारले. त्यांचे थोरले चिरंजीव गादीवर बसले. पानगळीच्या दिवसांत दोघे भाऊ ससाणा उडवायला दरीच्या झुलत्या पुलापलीकडे गेले आणि धाकटे एकटेच परत आले. पूल जुना होता, फळी तुटली, असं सांगण्यात आलं. असेलही. आम्ही जन्मभर ज्यांना धाकटे म्हणत आलो तेच आता सरकार झाले, आणि धाकटे हा शब्द तोंडातून काढायची बंदी आली. बाजारपेठेतल्या एका न्हाव्याने गिऱ्हाइकाची दाढी करता करता पुलाचा विषय काढला. त्याचं मुंडकं त्याच पुलाच्या तोंडाशी टांगलेलं आमच्या अख्ख्या गावाने पाहिलं. मीही पाहिलं. तो न्हावी बडबड्या होता, पण वाईट नव्हता.

म्हणून मठाधिपतींनी विषय सांगितला तेव्हा मी यजमानांना म्हटलं होतं, "अहो, नुसते डोंगर काढा. झाडं काढा. माणूस कशाला हवा त्यात?"

"माणूस नसला तर थंडी कोणाला वाजणार?" ते म्हणाले. यांच्याशी बोलणं म्हणजे असं असतं.

चित्र मात्र असं उतरलं की मी तोंडात बोटं घातली. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, देवदारांचा चढ, तिथून उतरणारी पायवाट, तिच्यावर म्हाताऱ्याच्या पावलांची काळसर ओळ, आणि मग मधल्या दोन दारांपैकी एकावर तो स्वतः, पश्चिमेकडे निघालेला. त्याच्या पुढे काहीच नाही. डावीकडची जवळजवळ सगळी जागा कोरी. बर्फ असाच काढतात म्हणा, न काढता. भोवतीचं आभाळ पाण्यासारख्या पातळ शाईने धुवायचं आणि कागद सोडून द्यायचा. पण एवढी मोठी जागा सोडायची छाती यजमानांना आजवर झाली नव्हती. ते रोज संध्याकाळी त्या कोऱ्या कागदासमोर बसायचे आणि एकटेच हसायचे. मुख्य आसन पश्चिमेच्या टोकाला होतं, त्यामुळे म्हातारा आणि सरकार यांच्यामध्ये ती एवढी कोरी जागा यायची. ती पार करून तो येणार होता.

विधीच्या दिवशी सकाळी आम्ही मठात होतो. दारं आदल्या दिवशीच बसवली होती. यजमान चौकटींवरची धूळ पुसत होते आणि मी शेगडीपाशी हात शेकत होते. तेवढ्यात सरकारांचे कारभारी इनागाकि पुढची व्यवस्था बघायला आले. हे गृहस्थ म्हणजे सदा पोट दुखत असल्यासारखा चेहरा. त्यांनी दालनभर नजर फिरवली, पश्चिमेच्या आसनामागची कागदी दारं सरकवून बघितली आणि बाहेरची ओसरी, बाग, कुंपण, सगळं न्याहाळलं.

"आसन इथून हलवा," ते म्हणाले. "सरकारांच्या पाठीशी नुसता कागद नको. त्या बाजूला भिंत आहे, तिकडे मांडा."

दोन भिक्षूंनी आसन उचललं, पूर्वेच्या मातीच्या भिंतीला टेकवून मांडलं आणि ते विधीच्या तयारीला निघून गेले. कोणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. आसन काय, इकडचं तिकडे झालं. इनागाकि नव्या आसनापाशी बसून सगळं नीट दिसतंय ना ते पाहू लागले, आणि तिथून त्यांची नजर दारांवर गेली.

"हा कुठे चाललाय?" त्यांनी विचारलं.

"सरकारांकडे," यजमान म्हणाले.

"सरकार कुठे बसणार?"

"तिथे," म्हणून यजमानांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

पश्चिमेला आता आसन नव्हतं. आसन उजवीकडे होतं, देवदारांच्या चढापाशी. आणि म्हातारा त्या आसनापासून निघून, त्याच्याकडे पाठ करून, कोऱ्या बर्फात चालला होता. एक रेघ बदलली नव्हती आणि चित्र दुसऱ्याच गोष्टीचं झालं होतं.

इनागाकींचा चेहरा राखेसारखा झाला. "जाणारा," ते कुजबुजले. "तुम्ही जाणारा म्हातारा काढलात? यांच्यासाठी? या वर्षी?"

"मी येणारा काढलाय."

"डोळे आहेत ना तुम्हाला? जातोय तो!"

मला समोर भिंत, दारं, काही दिसेना. पुलाच्या तोंडाशी टांगलेला तो न्हावी दिसत होता, आणि त्याच्या जागी कोणाचा चेहरा येतोय ते मी बघायला तयार नव्हते.

मी धावत जाऊन मठाधिपतींना बोलावून आणलं. रेइगान हे लठ्ठ, हसतमुख गृहस्थ. बोलताना त्यांची हनुवटी आधी हलते आणि मग शब्द येतात. त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. हनुवटी हलली, शब्द आले नाहीत.

"आसन परत तिकडे मांडा," मी म्हटलं. "एवढंच ना!"

"बाई, ते मला जमणार नाही," इनागाकि म्हणाले. "भिंत पाठीशी हवी, हा हुकूम आहे. मी मोडला तर माझी मान जाईल."

"मग सरकारांना आधी सांगा, की हा येणारा आहे."

"काय सांगू? सरकार, हा जाणारा नव्हे बरं का, असं? म्हणजे भाऊ मारणाऱ्याची गोष्ट आपण होऊन तोंडाने काढायची?"

दारांची अदलाबदल केली तर डोंगर मधूनच चिरला जाणार. दारं काढून ठेवली तर सरकार विचारणार, चित्र कुठे आहे. चित्र पाहायलाच तर ते या दालनात बसणार होते. मठाधिपतींनी विचारलं, पावलांवर शिंपल्याची पांढरी भुकटी लावून ती झाकता येतील का? यजमान हसले. कोऱ्या कागदाचं पांढरं आणि शिंपल्याचं पांढरं यांत जमीनअस्मानाचा फरक. खरूज झाल्यासारखं दिसेल, म्हणाले. एकदा काळं झालेलं पुन्हा गोरं होत नाही, त्यात फक्त आणखी काळं घालता येतं.

बाहेर छपरावरून बर्फाचा लोट घसरून पडला आणि आम्ही चौघेही दचकलो.

मी म्हाताऱ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात त्याला शिव्या चालल्या होत्या. आणि बघता बघता माझ्या ध्यानात आलं की त्या मेल्याला पुढही नाही आणि पाठही नाही. टोपीखाली तोंड दिसत नाही, इरल्यात हात दिसत नाहीत, पाय बर्फात बुडालेले. तो कुठून आला हे फक्त पावलांवरून कळतं.

"अहो," मी म्हटलं, "त्याची पावलं डावीकडे काढली तर?"

यजमानांनी मान वळवली नाही. पण त्यांना समजलं होतं. माझ्या आधीच समजलं असणार.

"आणि उजवीकडची?" मठाधिपतींनी विचारलं.

"त्यांचं गवत होईल," यजमान अगदी हळू म्हणाले. "बर्फातून वर आलेलं वाळकं गवत. प्रत्येक पावलावर चार काड्या."

"मग करा ना!" इनागाकि जवळजवळ ओरडले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तो येतोय. मी येणारा काढलाय. तुम्ही आसन हलवलंत, मी म्हातारा हलवणार नाही. आणि ती डावीकडची जागा मी कोरी सोडलीय. तिला मी हात लावणार नाही."

इनागाकि बघतच राहिले. त्यांचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला, पण रागाने नव्हे. बुडणारा माणूस काहीतरी धरतो तसा. दूर खालच्या घाटातून शंखाचा आवाज आला. सरकारांची स्वारी नदीपाशी पोचली होती.

मग मी बोलले. नवऱ्याला चार लोकांत बोलू नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय. पण माझ्या आईच्या नवऱ्याचं मुंडकं कधी पणाला लागलं नव्हतं.

"कोरी जागा हवीय तुम्हाला? मी देते कोरी जागा. उद्यापासून घरात तुमच्या चटईची जागा कोरी राहील. ताटाची राहील. मी रोज तिच्यासमोर बसेन आणि तुमच्यासारखी हसेन! तुम्ही गेल्यावर लोक म्हणतील, केवढा मोठा कलावंत. आणि मी कोणाची शाई उगाळू? कोणाच्या नावाने भात रांधू? तुमच्या त्या म्हाताऱ्याच्या?"

ते माझ्याकडे वळले.

"घाबरून काढलेली रेघ घाबरलेलीच दिसते, ओसेकि," ते म्हणाले.

"दिसू दे. तुम्ही दिसायला हवे आहात मला."

त्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "शाई उगाळायचा दगड शेगडीवर धर. शाई गोठलेली असेल."

मी इतक्या भरभर शाई कधी उगाळली नव्हती. दगडाखाली निखारे ठेवले, पाणी कोमट केलं, शाईची कांडी फिरवली. तरी दोन क्षण दगड खाली ठेवला की शाईवर साय धरायची. दारं उभी होती हे आणखी एक संकट. यजमान नेहमी कागद जमिनीवर आडवा ठेवून काढतात. उभ्या कागदावर ब्रश जरा ओला राहिला की ओघळ आलाच, आणि एक ओघळ आला की सगळं संपलं. ते प्रत्येक वेळी ब्रश कापडावर टिपायचे, श्वास धरायचे आणि एका झटक्यात काडी ओढायचे. पहिलं पाऊल गवत झालं. मग दुसरं. मठाधिपती मागे उभे राहून तोंडातल्या तोंडात सूत्र म्हणत होते आणि इनागाकि दर थोड्या वेळाने म्हणत होते, "लवकर, लवकर."

"कारभारीसाहेब," यजमान न वळता म्हणाले, "आणखी एकदा लवकर म्हणालात तर ब्रश तुमच्या हातात देईन."

ते गप्प झाले.

उजवीकडचं संपवून यजमान डावीकडच्या दारासमोर गेले. तिथे मात्र त्यांचा हात उठेना. पुन्हा शंख वाजला, या वेळी जवळून. त्यांनी ब्रश भरून घेतला, वर उचलला, आणि मी पाहिलं की टोकाशी थेंब जमतोय. फुगतोय. मी हात पुढे केला आणि तो माझ्या बाहीवर पडला. त्यांना कळलंही नाही. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि कोऱ्या बर्फात पहिलं पाऊल टाकलं.

पावलांची ओळ पूर्ण झाली तेव्हा म्हातारा वळला होता. मी शपथेवर सांगते, इरल्याची एक काडी हलली नव्हती, तरी तो पूर्वेच्या आसनाकडे येत होता. मठाधिपतींनी यजमानांना वाकून नमस्कार केला. यजमानांनी ब्रश धुतला आणि मागच्या बाजूला जाऊन बसले. चित्राकडे पाहिलं नाही. मला मात्र तेव्हा चित्राची काही पर्वा नव्हती. माझा नवरा संध्याकाळी घरी येणार होता.

विधी झाला. चहाच्या वेळी मी आधणाच्या शेगडीमागे होते, यजमान माझ्या पुढे गुडघ्यांवर, कपाळ चटईला टेकून. सरकार आले. ते लहान असताना मी त्यांना मिरवणुकीत पाहिलं होतं, तेव्हा ते थोरल्यांच्या घोड्यावर त्यांच्या पुढ्यात बसलेले होते. आता पाहिलं तर मान बारीक, डोळ्यांखाली काळं, वय तरुण पण चाल आजाऱ्याची. ते भिंतीला पाठ टेकून बसले आणि चहाची वाटी हातात घेऊन दारांकडे पाहू लागले.

"येणारा म्हातारा," ते म्हणाले.

"होय सरकार," मठाधिपतींची हनुवटी आणि शब्द एकदमच आले.

"कोणी न बोलावता येतो तो."

"होय सरकार."

"छान आहे." ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, हा माणूस आता रडेल. "फार छान आहे."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि तेवढ्यात ते उठले. वाटी खाली ठेवून दारांपाशी गेले, पार डावीकडच्या टोकाला, जिथून पावलं सुरू होत होती. एखाद्या लहान मुलाने लावावं तसं त्यांनी एका पावलाला बोट लावलं. मग ते बोट डोळ्यांसमोर धरलं. ते काळं झालं होतं. असल्या थंडीत शाई लवकर वाळत नाही, हे मला, शाई उगाळणारीला, सुचायला हवं होतं.

"ओली आहे," ते म्हणाले.

मठाधिपतींनी इनागाकींकडे पाहिलं.

सरकार सावकाश उजवीकडे चालत आले. गवतापाशी वाकले. "गवत," ते म्हणाले, "असं ओळीने उगवतं? एका माणसाच्या पावलाएवढं अंतर सोडून?"

ते वळले. "चित्रकार कोण?"

"मी, सरकार." यजमानांनी कपाळ उचललं नाही.

"याखाली पावलं आहेत."

"आहेत."

"ती का झाकलीत?"

"भीती वाटली, सरकार."

"कशाची?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पूल होता. इनागाकि भिंतीशी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी शेगडीची कड इतकी घट्ट धरली होती की तळहात भाजल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. यजमानांनी डोकं वर केलं. सरकारांच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमची," ते म्हणाले.

सरकारांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी समजू शकले असते. तिथे काहीच आलं नाही. ते मठाधिपतींकडे वळले, मग इनागाकींकडे, मग माझ्याकडेसुद्धा.

"तुम्हा सगळ्यांना वाटलं, मी हा जाणारा समजेन. म्हणजे तुम्ही सगळे मला त्या गोष्टीतला राजा समजता. एकालाही वाटलं नाही की कोणी माझ्याकडे येऊ शकतं?"

"मला वाटलं होतं, सरकार," यजमान म्हणाले. "मी येणाराच काढला होता. तो पश्चिमेकडे येत होता. आसन तिकडे होतं. तिथपर्यंतची सगळी जागा मी त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती."

"मग?"

यजमान बोलले नाहीत. आसन कोणी हलवलं ते एका शब्दाचं काम होतं, आणि त्या शब्दाने त्यांची मान सुटून दुसऱ्याची अडकली असती. मला तो शब्द ओरडून सांगावासा वाटला. मी इनागाकींकडे पाहिलं. त्यांना पाच मुली होत्या हे मला माहीत होतं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

पण इनागाकि स्वतःच गुडघ्यांवर कोसळले. "आसन मी हलवलं, सरकार. पाठीशी भिंत असल्याशिवाय कुठे बसणार नाही, असं आपण..."

"मीच सांगितलं होतं," सरकार म्हणाले.

ते पूर्वेच्या आसनाकडे बघत राहिले, भिंतीकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी स्वतःच्या हातांनी आसन उचललं. भिक्षू पुढे धावले, त्यांना त्यांनी नजरेने थांबवलं. चित्रासमोरून चालत ते पश्चिमेच्या टोकाला गेले, कागदी दारांना पाठ करून आसन मांडलं आणि बसले. इनागाकि लगबगीने त्यांच्या मागे जाऊन उभे राहायला निघाले.

"नको," सरकार म्हणाले. "पाठीमागे कोणी नको."

बाहेरच्या वाऱ्याने त्यांच्या मागचा कागद फुगत होता, बसत होता. आणि समोर म्हातारा. आता तो पूर्वेला निघालेला होता. आम्हीच त्याला वळवलं होतं. सरकार जिथे बसले होते तिथूनच त्याची ओली पावलं सुरू होत होती, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून देवदारांच्या चढाकडे चालला होता.

"हे आता बदलता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही, सरकार," यजमान म्हणाले. "आता नाही येत."

सरकारांनी मान हलवली आणि चहा मागितला. मी वाटी भरली, मठाधिपतींनी ती नेऊन ठेवली. त्यांनी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, आणि तेवढा वेळ त्या म्हाताऱ्याच्या पाठीवरून नजर काढली नाही. मग उठले, यजमानांना म्हणाले, "तुम्ही घरी जा," आणि बर्फात उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे निघून गेले.

माझा नवरा वाचला होता. सकाळपासून मी एवढंच मागत होते. मी चटईवर तशीच बसून राहिले आणि मला रडू कोसळलं, आणि ते माझ्या नवऱ्यासाठी नव्हतं.